वाट किलोमीटरनं नको, जमिनीनं मोजा

झरीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की बोरीपर्यंत दोन्ही हातांना काळी रानं. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. या शिवारात पाय मोकळे करायला बांध आहेत, पांदणी आहेत, पण जंगल नाही. परभणी हा राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. जे काही रान उरलं आहे त्यातलं बरंचसं जिंतूर तालुक्याच्या डोंगरांवर आहे. जिंतूर जवळ आलं की जमीन उठायला लागते, काळी माती सरून तांबूस मुरूम उघडा पडतो, आणि साग, सालई, पळस, खैर, सीताफळ दिसू लागतं. सुट्टीच्या दिवशी घरची मंडळी नेमगिरीला किंवा येलदरीला निघतात ती याच ओढीनं.

निघतात सगळे, पण चालतात अर्धेच. आजी गाडीत बसून राहते, गुडघेदुखीचे काका देवळाच्या पायरीवर टेकतात, आणि घरात कोणी व्हीलचेअरवर असेल तर त्याला कोणी विचारतसुद्धा नाही. दुसरीकडे तरणी पोरं कुठल्याही माहितीशिवाय चपलांवर डोंगर चढायला लागतात. या दोन्ही गोष्टी टाळता येतात, आणि त्यासाठी पैसा फारसा लागत नाही. आधी एक दिवस जाऊन वाट बघून यावी लागते.

वाट बघताना पहिला प्रश्न ‘किती लांब आहे’ हा नसावा. तीन किलोमीटरचा पक्का, सपाट रस्ता ऐंशी वर्षांची बाई सावकाश चालून जाते. तीनशे मीटरचा सुटा मुरूम तिला पाडतो. म्हणून आधी पायाखाली काय आहे ते बघा.

काळ्या मातीची गोष्ट झरीच्या माणसाला सांगायला नको. पाऊस पडून गेला की ती चपलेला थरावर थर चिकटते आणि पाय उचलेनासा होतो. व्हीलचेअरचं चाक तर तिच्यात फिरतच नाही, कारण माती चाक आणि चौकटीच्या मधल्या फटीत जाऊन बसते. मोठा पाऊस झाल्यावर काळ्या रानातून जाणारी पायवाट चार-पाच दिवस तरी सोडून द्यावी. उन्हाळ्यात याच मातीला भेगा पडतात, आणि काठीचं टोक किंवा खुर्चीचं पुढचं लहान चाक बरोबर त्या भेगेत अडकतं. मुरमाड जमीन याच्या उलट वागते. ती पाणी लवकर सोडते, पाऊस थांबल्यावर लवकर चालण्याजोगी होते. पण तिच्यावर बारीक खडे सुटे असतील तर उतारावर पाय घसरतो. चढताना हे कळत नाही, उतरताना कळतं. खडकाचं तसंच. उघडा काळा खडक कोरडा असताना पायाला छान धरतो, श्रावणात शेवाळ धरलं की काचेसारखा निसरडा होतो. आणि सागाच्या रानात डिसेंबरनंतर पानगळ होते तेव्हा ती थाळीएवढी वाळकी पानं खड्डे, दगड आणि कधी साप झाकून टाकतात. तिथे काठीनं पानं बाजूला सारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

दुसरी गोष्ट उताराची. सार्वजनिक इमारतींच्या रॅम्पसाठी आपल्याकडे 1 : 12 हे प्रमाण धरतात, म्हणजे बारा हात पुढे गेल्यावर जास्तीत जास्त एक हात चढ. रानातल्या वाटेलाही हीच फूटपट्टी लावावी. मोजायला यंत्र लागत नाही. सरळ, 120 सेंटिमीटर लांबीची काठी किंवा पट्टी घ्या. तिचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा, दुसरं टोक हातात धरा, आणि तिच्यावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवा. बाटलीतलं पाणी दोन्हीकडे सारखं येईपर्यंत हातातलं टोक वरखाली करा. काठी सपाट झाली की हातातल्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ते 10 सेंटिमीटर भरलं तर चढ बरोबर 1 : 12. सहाच्या आसपास असेल तर खुर्चीवरचा माणूस बराच वेळ स्वतःच्या हातानं चाकं फिरवत जाऊ शकतो. 10 च्या वर गेलं तर ढकलणारा हवाच, आणि 15 च्या वर असेल तर ती वाट खुर्चीसाठी नाही असं समजून चाला. वाटेत जिथे जिथे छाती भरून येते तिथे हे एकदा करून बघावं. डोळ्याला जो चढ ‘थोडासाच’ वाटतो तो काठीवर अनेकदा फसवा निघतो.

रुंदी बघताना टेप जवळ ठेवा. खुर्ची आणि ढकलणाऱ्याचे कोपर धरून 90 सेंटिमीटर तरी मोकळी जागा लागते, वळणावर दीड मीटर. वाट सगळी रुंद असून उपयोग नाही, तिची सर्वांत अरुंद जागा किती तेच कामाचं. ती बहुधा कुंपणाच्या फाटकाशी, ओढ्याच्या काठाशी किंवा दोन झाडांच्या मध्ये असते. गुरं आत येऊ नयेत म्हणून बांधलेली दगडाची आडवी पायरी किंवा ताणलेली तार दिसली तर तिची नोंद आधीच करा. सगळी मंडळी तिथे पोचल्यावर कळलं तर परत फिरण्याशिवाय इलाज राहत नाही, आणि ज्याच्यामुळे परतावं लागलं तो माणूस पुन्हा कधी ‘मी येतो’ म्हणत नाही.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुना हिशोब चांगला आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 साली तो मांडला: सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर, आणि प्रत्येक 600 मीटर चढाला एक तास जास्तीचा. चार किलोमीटरची वाट आणि 150 मीटर चढ असेल तर धडधाकट माणसाला तासभर पुरतो. बरोबर लहान मुलं किंवा साठीच्या पुढची मंडळी असतील तर हा वेळ सरळ दुप्पट धरा, व्हीलचेअर असेल तर तिप्पट. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून दुपारी तीननंतर नवी वाट सुरू करू नये.

आता परवानगीचं. रान मोकळं दिसतं म्हणून ते कोणाचंच नाही असं नसतं. राखीव वनात शिरण्यावर 1927 च्या भारतीय वन अधिनियमाची बंधनं आहेत आणि अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची. गावाजवळच्या डोंगरावर देवस्थानाकडे जाणारी वहिवाटीची वाट असेल तर सहसा अडचण येत नाही, पण ती सोडून आत जायचं असेल तर आधी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’चा 1926 हा क्रमांक फोनमध्ये ठेवा. वनरक्षकाला विचारण्यात एक फायदा असा की गेल्या आठवड्यात कुठे रानडुकरांचा कळप होता, कुठल्या कड्याला आग्या मोहोळ लागलं आहे, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

या बाबतीत डेन्मार्ककडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तो देश इतका सपाट की तिथली सर्वांत उंच नैसर्गिक जागा, म्योलेहोय, जेमतेम 171 मीटर भरते. आपलं परभणीचं पठार त्याहून उंच. तरीही तिथे रानातल्या वाटांचं कौतुक मोठं आहे आणि नियम कोणालाही समजतील इतके साधे. सरकारी जंगलात पायी कधीही फिरा. खाजगी जंगलात मात्र आखलेल्या वाटांवरूनच आणि दिवसाउजेडीच. कुत्रं सोबत असेल तर दोरी लावून. पुष्कळ ठिकाणी वाटांना हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग दिलेले असतात, आणि आपल्याला कुठली झेपेल हे आल्या आल्याच कळतं. कोपनहेगनजवळच्या ड्यूरहावन या हरणांच्या जुन्या शाही रानात क्लाम्पेनबोर्ग स्टेशनात उतरल्यावर काही मिनिटांतच शिरता येतं, आणि आतल्या रुंद, मोटारी नसलेल्या रस्त्यांवर बाबागाड्या आणि व्हीलचेअर दोन्ही चालतात. तिथून दक्षिणेला, गिसेलफेल्डच्या जंगलात 2019 साली 45 मीटर उंचीचा एक मनोरा उघडला. त्याला पायऱ्यांऐवजी गोल गोल फिरत वर जाणारा सौम्य चढ आहे, त्यामुळे खुर्चीवर बसलेला माणूसही झाडांच्या शेंड्यांवर जाऊन पोचतो. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मुलांकडे आई-वडील जातात तेव्हा थंडीच्या भीतीनं घरात बसून राहतात. त्यांना या दोन जागी जरूर न्या.

आपल्याकडे असा मनोरा नाही, पण वाट रंगानं वाटून घ्यायची कल्पना झरीच्या चार घरांनी ठरवली तरी अंमलात येते. मंडळींच्या दोन तुकड्या करायच्या, सोपी आणि अवघड, आणि दोघींची भेटीची जागा व वेळ आधी ठरवायची. आपल्या भागातल्या दिंड्या वर्षानुवर्षं हेच करतात. पुढच्या मुक्कामी सामानाची गाडी आधी जाऊन पाणी भरून ठेवते, थकलेला वारकरी मधल्या टप्प्यावर गाडीत बसतो, आणि त्यामुळे कोणी दिंडीतून गळत नाही.

नेमगिरी या पद्धतीला फार सोयीची आहे. जिंतूरपासून सुमारे तीन किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्या आहेत. नेमगिरीत प्राचीन जैन गुंफा आहेत, नेमिनाथ आणि पार्श्वनाथांच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध. देवळापर्यंत गाडीरस्ता आहे. सोपी तुकडी या रस्त्यानं सकाळी सावकाश चालू शकते, थकल्यावर गाडी हाताशी असते. गुंफांची दारं मात्र ठेंगणी आहेत, वाकून आत जावं लागतं. ज्यांना पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं आहे त्यांना हे आधीच सांगा, म्हणजे दारापर्यंत जाऊन मन खट्टू होणार नाही. अवघड तुकडीनं टेकडीच्या उतारावरून, झाडीतून फेरा मारून त्याच जागी यावं. क्षेत्र धार्मिक आहे, तेव्हा डबा खाऊन कागद टाकणं, मोठ्यानं गाणी लावणं अजिबात नको.

येलदरीला पूर्णेवरचं धरण 1968 चं. धरणाच्या भिंतीवर जाण्यावर बंधनं असतात, ती पाळावीत. ज्यांना चढ झेपत नाही त्यांना जलाशयाच्या बाजूचा सपाट रस्ता हिवाळ्याच्या सकाळी पुरेसा आनंद देतो, पाण्यावरचे पक्षी बसल्या जागेवरून दिसतात. काठाच्या गाळात मात्र कोणी उतरू नये. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत ओला असतो आणि गुडघ्यापर्यंत पाय जातो.

व्हीलचेअर रानात न्यायची असेल तर खुर्ची आधी तपासा. शिबिरात मिळणारी साधी खुर्ची दवाखान्याच्या फरशीसाठी बनवलेली असते, तिची पुढची चाकं लहान आणि कडक. मुरमात तीच पहिल्यांदा रुततात. अशा जागी ढकलणाऱ्यानं मागच्या पट्टीवर पाय देऊन खुर्ची किंचित मागे कलती करावी, म्हणजे पुढची चाकं उचलली जातात आणि सगळा भार मागच्या मोठ्या चाकांवर येतो. बसलेल्याला विचारल्याशिवाय मात्र कधीही कलती करू नका. मागे पडतो आहे असं वाटलं की तो घाबरून हात बाहेर काढतो आणि बोटं चाकात जातात. तीव्र उतार आला की खुर्ची वळवून घ्या आणि उलटी उतरवा: बसलेल्याचं तोंड चढाकडे, ढकलणारा खाली, आणि पावलं मोजून टाकायची. अशा वेळी तिसरा माणूस बाजूला हवा. पोटाशी पट्टा हवा, तो नसेल तर जुन्या लुगड्याची रुंद पट्टी चालते. चाकं हवेची असतील तर सायकलचा पंप आणि पंक्चरचं सामान पिशवीत ठेवा. ज्यांना कमरेखाली संवेदना नाहीत त्यांच्यासाठी जाड उशी न्या, आणि दर अर्ध्या तासानं त्यांनी हातांवर भार देऊन शरीर थोडं उचलावं. खडबडीत वाटेवर बसलेल्या जागी जखम होते आणि ती जाणवत नाही, घरी गेल्यावर दिसते.

ज्यांना दिसत नाही त्यांचा हात धरून ओढत नेण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा. त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. तुमचं शरीर वर गेलं, खाली आलं, थांबलं, हे त्यांना कोपरातून कळतं. वाट अरुंद झाली की तुमचा हात पाठीमागे घ्या, म्हणजे ते आपोआप मागे येतात. ‘सांभाळून’ असं नुसतं म्हणून काही कळत नाही. ‘पुढे एक पायरी खाली’, ‘उजवीकडे काटेरी फांदी, तोंडाजवळ’ असं सांगा. आणि झाडाच्या सालीवर त्यांचा हात नेऊन ठेवा. सागाची आणि सालईची साल बोटांना वेगवेगळी लागते.

मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये, मग देवळाचा परिसर का असेना. जाड मोजे घालून जावं, घरी आल्यावर तळवे आरशात बघावेत. खिशात गूळ किंवा साखर असावी. गुडघेदुखीवाल्यांना एकापेक्षा दोन काठ्या बऱ्या, उतरताना गुडघ्यांवरचा भार कमी होतो. नऊवारी-सहावारीत चालणाऱ्या बायकांनी रबरी चपलेऐवजी कॅनव्हासचे बूट घालावेत, लाज वाटायचं काही कारण नाही. आणि एक गोष्ट, जी बहुतेक सहलींच्या नियोजनात सुटते: वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृह किंवा निदान सुरक्षित आडोसा कुठे आहे ते आधी बघून ठेवा. ते नसेल तर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी चक्कर येते ती त्यामुळे.

अवघड वाटेला जाणाऱ्यांनी दसऱ्यानंतर पूर्ण पँट आणि बूट घालावेत. कुसळी गवत तेव्हा पिकलेलं असतं. कुसळ मोज्यात शिरलं की फिरत फिरत आत जातं आणि बाहेर ओढताना मोडतं. खाजकुयलीच्या शेंगा वेलीवर लोंबताना मखमली दिसतात, हात लावू नका. तिचे बारीक केस लागले तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढून काढायचे, मग धुवायचं. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही वर्ज्य. माशा उठल्या तर कपड्यानं तोंड झाकून पळा, बसून राहू नका, पाण्यात उडी मारू नका.

मोठं जनावर आपल्याकडे कुठलं असं कोणी म्हणू नये. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात पट्टा लावलेला एक तरुण वाघ 2019 साली हिंगोली जिल्ह्यातून फिरत ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दुसरा 2021 साली टिपेश्वरहूनच गौताळा अभयारण्यात गेला. वाघ कोणाला दिसेलच असं नाही, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला दाट झाडीत एकट्यानं जायचं नाही, मुलांना मागे-पुढे विखरू द्यायचं नाही, एवढं पथ्य पाळावं. पिल्लांसह रानडुकरीण दिसली तर थांबा, तोंड तिच्याकडेच ठेवून मागे सरा.

साप चावला तर धावपळ करू नका, करू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा काठी आणि फडक्यानं आधार देऊन बांधा, आवळपट्टी लावू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी, पैंजण, जोडवी लगेच काढा, कारण सूज येते. 108 ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशावरचं औषध तिथे मिळतं. सापाला मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका. डोंगराच्या कुशीत फोनला रेंज नसते, म्हणून वाट बघायला जाल तेव्हा रेंज कुठपर्यंत येते तेही लिहून ठेवा.

पाणी माणशी ताशी अर्धा लिटर, मार्चनंतर पाऊण. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून एक बाटली वेगळी ठेवा. आपल्या डोंगरांसाठी सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. फेब्रुवारी-मार्चात पळस फुलतो, तो बघायला जायचं तर सूर्य उगवताना निघून नऊच्या आत परतावं. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ. या दिवसांत काडी, विडी, चूल काहीही रानात नको. गवत एका ठिणगीत पेटतं आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला घेऊन पळता येत नाही.

इथल्या वाटा पायाखालून गेल्या की मग लांबच्या घ्याव्यात. कन्नडजवळच्या गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात दोन्ही तुकड्यांना काम मिळतं, मात्र पितळखोऱ्याची लेणी बघायला पायऱ्यांनी दरीत उतरावं लागतं, तिथे खुर्ची जात नाही. माथेरानला मोटारींना बंदी असल्यानं वाटा शांत आहेत. तांबडी माती पावसाळ्यात घसरडी होते, म्हणून दिवाळीनंतर जावं. मुंबईत मुलांकडे गेलात तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या दिशेनं जाणारा डांबरी रस्ता आहे. त्यावर खुर्चीला जंगलाच्या आत बरंच दूरवर नेता येतं, लेण्यांच्या पायऱ्या आल्या की थांबावं.

परतल्यावर मोजे उलटे करून झटका, पोटऱ्या आणि कानांमागे गोचीड आहे का बघा, आणि ज्या वनरक्षकाला सांगून गेला होतात त्याला बाहेर आल्याचं कळवा. मग एका वहीत त्या वाटेची नोंद करा: महिना, शेवटचा पाऊस कधी पडला होता, सर्वांत अरुंद जागा किती सेंटिमीटर, काठीवर सर्वांत जास्त चढ किती आला, खुर्ची कुठे अडकली, सावली कुठे आहे, रेंज कुठे जाते. ही वही गावातल्या वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत ठेवली तर पुढच्या खेपेला निघणाऱ्या घराला पाहणीचा दिवस वाचेल.